मागच्या मडगार्डवरचा पांढरा पट्टा

कुठलीही जुनी काळी सायकल मागून बघा. ॲटलस असो, हीरो असो, हर्क्युलिस असो. मागच्या मडगार्डचं खालचं टोक वीतभर पांढरं रंगवलेलं असतं आणि त्याच्या वर एक लाल डोळा बसवलेला असतो. हा पांढरा रंग कशासाठी, हे दुकानदाराला विचारलं तर ‘कंपनीतूनच तशी येते’ एवढं उत्तर मिळतं. ते बरोबरही आहे. पण कंपनीला ही सवय लावणारा कायदा आपला नव्हता, आणि ज्या देशाचा होता तिथे सायकलीच्या मागच्या बाजूवरून काही दशकं भांडण चाललं होतं. भांडणाचा विषय असा: रात्री रस्त्यावर सायकलवाला दिसला नाही, तर चूक कोणाची?

मी या भांडणात शिरलो तो खरेदीच्या निमित्ताने. ऑफिस बाणेरला, घर पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि निघायला रात्रीचे साडेनऊ. स्वस्तातला पण कामाचा दिवा हवा होता. ऑनलाइन दुकानात साडेतीनशे रुपयांच्या दिव्याच्या खोक्यावर जो आकडा होता, तो चार हजारांच्या दिव्यावरच्या आकड्यापेक्षा तिप्पट मोठा होता. आकड्यांवरच पोट असलेल्या माणसाला असली विसंगती सहन होत नाही. मग एक लुमेन म्हणजे काय, कोण मोजतं, कोण ठरवतं, असं करत करत मी १८८८ सालच्या इंग्लंडात जाऊन पोचलो.

त्याच्या थोडं आधीपासून सांगायला हवं. पुढचं चाक छातीएवढं आणि मागचं ताटाएवढं असायचं त्या काळातल्या सायकलींना दिवा लावणं ही कसरत होती. बर्मिंगहॅममध्ये रस्तोरस्ती रॉकेल विकून पोट भरणाऱ्या जोसेफ लुकास नावाच्या माणसाने १८८०च्या सुमारास त्यावर युक्ती काढली: दिवा पुढच्या मोठ्या चाकाच्या आत, आऱ्यांच्या मधोमध, आसावर टांगायचा. चाक फिरतं, दिवा आपल्या वजनाने सरळ लोंबत राहतो. नाव ठेवलं ‘किंग ऑफ द रोड’. उजेड जेमतेम, आजच्या भाषेत बोलायचं तर रस्त्याचा राजा चिमणी घेऊन निघाला होता. पण याच दिव्यावर लुकासचा कारखाना उभा राहिला आणि पुढे मोटारींच्या विजेच्या सामानात त्याने साम्राज्य उभारलं. चेन्नईच्या लुकास-टीव्हीएस कंपनीतला लुकास तो हाच.

१८८८च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये सायकलीला ‘गाडी’ मानलं. वरवर ही तांत्रिक बाब वाटते, पण तोवर गावोगावच्या पालिका सायकलींविरुद्ध मनाला येतील ते नियम करत होत्या. आता सायकलवाल्याला टांगा-बग्गीइतकाच रस्त्यावर हक्क मिळाला. मोबदल्यात दोन अटी आल्या: घंटा वाजवायची, आणि सूर्यास्तानंतर तासाभराने ते सूर्योदयाच्या तासभर आधीपर्यंत पुढे दिवा लावायचा. सायकलवाल्यांनी आनंदाने मान्य केलं. हक्कापुढे रॉकेलचा खर्च तो केवढा!

या कलमात एक गंमत आहे. दिवा कशासाठी लावायचा, हे त्यात सांगितलेलं आहे: गाडी येते आहे आणि ती कुठे आहे, हे इतरांना कळावं म्हणून. स्वाराला रस्ता दिसावा, ही कायद्याची मागणी कधी नव्हतीच. खड्डा दिसणं ही ज्याची त्याची खासगी बाब. पुणे महानगरपालिकेची आजची भूमिका याहून फार वेगळी आहे असं म्हणवत नाही. पण दिव्याची ही दोन कामं, आपण बघणं आणि इतरांना दिसणं, वेगळी आहेत हे ध्यानात ठेवलं की बाजारातला निम्मा गोंधळ आपोआप मिटतो. त्याकडे पुढे येतोच.

स्वतःला बघण्यासाठीचा उजेड आला तो रसायनशास्त्राकडून. १८९२ साली थॉमस विल्सन नावाचा कॅनेडियन माणूस अमेरिकेत विजेच्या भट्टीत अ‍ॅल्युमिनियम बनवायच्या खटपटीत होता; हाती आलं कॅल्शियम कार्बाइड. आपल्याकडे हे नाव बंदी असूनही आंबे पिकवायला वापरली जाणारी पुडी म्हणून माहीत आहे. त्यावर पाणी पडलं की अ‍ॅसिटिलीन वायू निघतो आणि तो लखलखीत पांढरा जळतो. १८९०च्या दशकाच्या अखेरीस सायकलींवर कार्बाइडचे दिवे आले. खालच्या डब्यात कार्बाइडचे खडे, वरच्या डब्यात पाणी, मध्ये एक बारीक चावी. चावी फिरवून थेंबाचा वेग ठरवायचा, म्हणजेच ज्योतीची उंची. मला हे यंत्र फार आवडतं. सेन्सर नाही, सर्किट नाही, फक्त थेंब मोजायचा. त्रासही होते. घाणेरडा वास यायचा, आणि घरी पोचल्यावर डब्यात उरलेला चुन्याचा राडा खरवडून काढावा लागे. पण रस्ता दिसायचा. रॉकेलच्या दिव्यावर रस्ता दिसतो, असं कोणी म्हटल्याचं मी वाचलेलं नाही.

माझ्या आजोबांच्या पुण्यात मात्र रॉकेलचाच दिवा पुष्कळ वर्षं टिकून होता. खडकीच्या कारखान्यात ते कामाला होते. पाळी सुटली की सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा आणि पुलापाशी पोलीस उभा असायचा. बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट हे त्या पुण्याचे दोन मुख्य गुन्हे. ‘आत्ताच विझला हो, वाऱ्याने’ ही ठरलेली सबब, आणि त्यावर हवालदाराचा उपायही ठरलेला: तो दिव्याच्या टोपणाला बोट लावून बघायचा. चटका बसला तर जा, गार लागला तर पावती. जुन्या पुण्यातल्या बहुतेक घरांत हा किस्सा कोणा ना कोणाच्या नावावर आहे, त्यामुळे आजोबांचा स्वतःचा किती आणि ऐकीव किती, हे मी कधी खोदून विचारलं नाही. कायद्याचा आधार मात्र पक्का आहे. १९५१च्या मुंबई पोलीस अधिनियमाचं (आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात) ३३वं कलम रस्त्यावरच्या वाहनांना किती दिवे, कुठे आणि कोणत्या वेळात लावायचे, याचे नियम करण्याचा अधिकार देतं.

पुढे आजोबांनी डायनॅमो बसवला, मिलरचा. बाटलीच्या आकाराचा, टायरला घासून फिरणारा. सायकल जड चालते ही तक्रार सगळेच करत; पावसात टायर ओला झाला की डायनॅमो घसरून दिवा मिणमिणायचा; आणि चौकात थांबलं की काळोख. अजून एक खोड अशी की मागचा छोटा बल्ब उडाला की थोड्याच वेळात पुढचाही उडायचा. आजोबा याला साडेसाती म्हणत. कारण सोपं आहे. अशा डायनॅमोतून वेग वाढला तरी प्रवाह साधारण अर्ध्या अ‍ॅम्पिअरच्या आसपास अडकून राहतो. पुढचा २.४ वॅटचा आणि मागचा ०.६ वॅटचा बल्ब मिळून तो वाटून घेतात. मागचा मेला की त्याचा वाटा पुढच्याच्या गळ्यात. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात हे गणित मी सोडवलं होतं. त्यात सायकल नव्हती, ‘भार’ होता.

आता त्या मागच्या बाजूकडे. पुढच्या दिव्याबद्दल इंग्लंडातल्या सायकलवाल्यांची कधी फारशी तक्रार नव्हती. मोटारी वाढल्या आणि मागून येणाऱ्या गाडीला सायकल दिसत नाही, असं म्हटलं जाऊ लागलं, तेव्हा ठिणगी पडली. मोटारवाल्यांची मागणी होती की सायकलीला मागेही लाल दिवा सक्तीचा करा. सायकलिस्ट्स टूरिंग क्लब ही सायकलवाल्यांची जुनी संस्था त्याविरुद्ध उभी राहिली आणि वर्षानुवर्षं उभीच राहिली.

आज ऐकलं की हे वेडेपणाचं वाटतं. सायकलवाल्यांनीच सुरक्षिततेला विरोध करावा? पण त्यांचं म्हणणं नीट ऐकलं तर मला ते पटत जातं, निदान अर्धं तरी. मागून येणाऱ्या गाडीला स्वतःचे झगझगीत दिवे आहेत. त्या दिव्यांत जेवढं दिसतं तेवढ्या अंतरात थांबता येईल अशा वेगाने चालवणं, हे चालवणाऱ्याचं कर्तव्य आहे. रस्त्यावर सायकलच असते असं नाही. चालणारा माणूस असतो, गाय असते, पडलेलं झाड असतं. त्यांना कुठे लाल दिवा लावणार? एकदा का मोटारवाल्याला सवय लागली की जे पुढे आहे ते लाल उजेड देईलच, की मग जे उजेड देत नाही ते मेलंच. शिवाय पुढचा दिवा विझला तर स्वाराला लगेच कळतं. मागचा विझला तर कळतच नाही. म्हणजे आपल्या पाठीमागे आपल्या नकळत आपण गुन्हेगार ठरणार, आणि धडक बसली तर दोषही आपलाच.

न्यायालयंही काही काळ याच बाजूने बोलत होती. १९३३ साली इंग्लंडात लागोपाठ दोन खटल्यांत हे तत्त्व मांडलं गेलं की रात्री जाणाऱ्याने आपल्या नजरेच्या टप्प्यात थांबता येईल एवढ्याच वेगाने जावं. न थांबता आल्यास त्याचं लक्ष नव्हतं किंवा वेग जास्त होता, दोहोंपैकी काहीतरी एक. १९४६मध्ये मात्र वरच्या न्यायालयाने सांगितलं की हा काही कायद्याचा अढळ नियम नव्हे, प्रत्येक प्रसंग वेगळा पाहावा लागेल.

संसदेने मधला मार्ग काढला होता. १९२७च्या कायद्याने मागे दिवा किंवा लाल रिफ्लेक्टर, यांपैकी काहीही चालेल असं ठरवलं. १९३४च्या कायद्याने त्यात भर घातली ती मागच्या मडगार्डवरच्या पांढऱ्या पट्ट्याची. म्हणजे तुझा दिवा तू लावू नकोस, पण मोटारीचा दिवा तुझ्यावर पडला तर दिसशील एवढं तरी कर. (त्याच वर्षी हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉने रस्त्यात बसवायच्या ‘कॅट्स आय’चं पेटंट घेतलं. परावर्तनाचे दिवस होते.) पांढरा पट्टा हा असा तडजोडीचा रंग आहे. पण सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू झालं, ब्लॅकआउट आला, रस्त्यावरचे दिवे गेले आणि मोटारींच्या दिव्यांवर झापडं आली. त्या एका महिन्यात रस्त्यांवर मेलेल्यांची संख्या आदल्या सप्टेंबरच्या जवळपास दुप्पट झाली. मोटारीचाच दिवा झाकलेला असताना रिफ्लेक्टर काय परत पाठवणार? सायकलीला मागचा दिवा सक्तीचा झाला. युद्ध संपल्यावर ही सक्ती उठली नाही. १९४५मध्ये सायकलींसाठी वेगळा कायदा करून ती कायम करण्यात आली. क्लब हरला.

आणि आपल्याकडे पट्टा आला. स्वातंत्र्यानंतर लगेचच ब्रिटिश कंपन्यांच्या भागीदारीत सायकलीचे कारखाने निघाले: मद्रासला टीआय सायकल्स, जिथून हर्क्युलिस आली, आणि आसनसोलला सेन-रॅले. नकाशे तिकडचे, साचे तिकडचे, मडगार्डचं टोकही तिकडचंच. बाकीच्यांनी तेच उचललं. कायदा मागे राहिला, दिवा तर आलाच नाही, रंग तेवढा आला. नंतर मडगार्डवरची धूळ आणि चिखल त्यावर बसला, आणि पांढरं म्हणायचं ते मातकट झालं.

हे सगळं इतिहासजमा झालं असतं तर मीही गंमत म्हणून वाचून सोडून दिलं असतं. पण केंद्र सरकारने २०२०मध्ये सायकलींसाठी जो गुणवत्ता आदेश काढला, तो रिफ्लेक्टरबद्दलचा आहे. म्हणजे १९२७चा तोडगा. ऊस हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा दर हिवाळ्यात होतात, तोही तोच तोडगा. मी त्याला नावं ठेवत नाही. रिफ्लेक्टरला बॅटरी लागत नाही, तो चोरीला जात नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवायचं की तो पूर्णपणे मागच्या गाडीच्या भरवशावर आहे: तिचा दिवा लागलेला हवा, आपल्या रोखाने हवा, आणि चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर हवी. आणि ‘सायकलीला दिवा नव्हता’ हे वाक्य बातमीत आलं की पुढचं कोणी वाचत नाही. वेग किती होता, हा प्रश्न तिथेच मिटतो.

पुण्यात रात्री सायकल चालवतं कोण, तेही बघायला हवं. माझ्यासारखे हेल्मेटवाले थोडे. बाकी रात्रपाळीचे वॉचमन, हॉटेलातली पोरं, बांधकामावरचे मजूर, पहाटे पेपर टाकणारे. आमच्या सोसायटीचे वॉचमन काका साताठ किलोमीटरवरून येतात. त्यांना मी मोठ्या उत्साहाने यूएसबीवर चार्ज होणाऱ्या दिव्याचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “दादा, काढून खिशात ठेवायचा म्हटलं तर मी विसरणार, आणि लावून ठेवला तर कोणीतरी नेणार.” हे कुठल्याही परीक्षणात वाचायला मिळत नाही. त्यांच्या सायकलीला शेवटी आम्ही डायनॅमोच बसवला, नटबोल्टने आवळून, आणि मागच्या दोन दांड्यांना लाल परावर्तक पट्टी गुंडाळली.

आता माझ्या खरेदीचं. साडेतीनशे रुपयांच्या खोक्यावर ‘१००० लुमेन, ६ तास’ असं होतं आणि आत एकच १८६५० जातीचा सेल. हे नाव म्हणजे मापच आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. एवढ्या आकारात आज चांगल्यातला चांगला सेल साधारण ३५०० मिलिअ‍ॅम्पिअर-तास देतो. ३.६ व्होल्टने गुणलं की १२.६ वॅट-तास. चांगला एलईडी वॅटमागे शंभरेक लुमेन देतो असं धरलं, तर हजार लुमेनला दहा वॅट लागतात. म्हणजे सव्वा तासात सेल संपला. सहा तास चालवायला असे पाच सेल हवेत. सेलवर ९९०० लिहिलेलं असेल तर तो सेल नाही, ललित साहित्य आहे. हे गणित दुकानात उभ्याउभ्या मोबाइलवर करता येतं आणि निम्मे दिवे तिथल्या तिथे बाद होतात.

शहरात, रस्त्यावरचे दिवे असताना, पुढे दीड-दोनशे लुमेन खरे असले तरी पुरतात. तेवढ्याला दोन वॅट लागतात आणि तोच सेल सहा तास जातो. लुमेनपेक्षा उजेड पडतो कुठे, हे महत्त्वाचं. स्वस्त दिव्याचा झोत टॉर्चसारखा गोल असतो: थोडा रस्त्यावर, थोडा झाडांवर, उरलेला समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. जर्मनीत नियमच असा आहे की सायकलीचा झोत मोटारीसारखा वरून कापलेला हवा. मान्यता मिळालेल्या दिव्यावर लाटेसारखी रेघ आणि के हे अक्षर कोरलेलं असतं. तिथे २०१३पर्यंत साध्या सायकलीला डायनॅमोच सक्तीचा होता, बॅटरीचे दिवे त्यानंतर चालू लागले. लुकलुकणारा दिवा तर अजूनही चालत नाही. असे दिवे आपल्याकडे महाग पडतात. पण स्वस्त टॉर्चसुद्धा खाली झुकवून, झोताचा मध्य आठ-दहा मीटरवर पडेल असा बसवला तर समोरचा शिव्या देत नाही आणि खड्डाही दिसतो. जुलैसाठी पाण्याचं मानांकन बघायचं: आयपीएक्स-४ म्हणजे सगळीकडून शिंतोडे चालतील. आपल्याकडचा पाऊस नेहमी शिंतोड्यांवर थांबत नाही, म्हणून मी आयपीएक्स-६ बघतो.

माझा पुढचा दिवा नऊशेचा आहे. जास्त पैसे मी मागे घातले. तत्त्व म्हणून मी आजही त्या हरलेल्या क्लबच्या बाजूचा आहे. विद्यापीठ चौकातून जाताना मात्र तत्त्व मागून दिसत नाही. आणि मागचा दिवा विझला तर स्वाराला कळत नाही, या त्यांच्या आक्षेपाला नव्वद वर्षांत कोणी नीट उत्तर दिलेलं नाही. म्हणून मी दोन लावतो: एक सीटखाली, स्थिर लाल, दुसरा खाली मडगार्डवर, लुकलुकता, कारण सीटखालचा डब्याच्या पिशवीने झाकला जातो. एक सोमवारी चार्ज करतो, दुसरा गुरुवारी.